सोनीबाईंनी तपासलेल्या तीन शाळा

“म्हणजे आमची शाळा नापास झाली, असंच ना?” सोनीबाईंनी विचारलं.

तलासरीच्या पूर्वेकडचा, डोंगराला टेकलेला एक पाडा. सकाळचे साडेसहा. शाळेच्या पडवीत तीसेक पालक बसले होते. बहुतेकांना थोड्या वेळात घोलवडच्या चिकूवाड्यांत नेणारा टेम्पो पकडायचा होता, म्हणून सभा इतक्या लवकर. साल २०१६. मी तेव्हा केंद्रप्रमुख होते. केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या दहा-बारा जिल्हा परिषद शाळांवर देखरेख ठेवणारा माणूस. वरून आलेलं खाली सांगायचं, खालचं वर कळवायचं.

त्या दिवशी वरून आलेलं होतं ते असं. मागच्या इयत्तेचं मुलांना किती येतं हे पाहायला पायाभूत चाचणी घेतात. त्यात ही शाळा आमच्या केंद्रात सगळ्यांत खाली होती. पालकांना ते सांगायचं, पुढचे पर्याय समजावायचे आणि फॉर्मवर सह्या-अंगठे घेऊन यायचं.

“नापास नाही,” मी म्हटलं. “मागे पडली.”

“तेच ते.”

सोनीबाई शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष. ही समिती पालकांचीच असते आणि प्रत्येक सरकारी शाळेला असावी लागते. बऱ्याच ठिकाणी ती फक्त रजिस्टरात असते. सोनीबाई चिकू निवडायच्या कामाला जायच्या. मुलगी मनीषा चौथीत, धाकटा पहिलीत. स्वतः कधी शाळेत गेल्या नव्हत्या. बोलताना सगळ्यांनाच ‘तू’ म्हणायच्या. त्यांच्या बोलीत तहसीलदारही ‘तू’च.

मी चार्टपेपरवर पर्याय लिहून नेले होते. मोठ्या अक्षरात, तीन रंगांत. भिंतीला लावला आणि दोन मिनिटांत लक्षात आलं, त्याच्याकडे कोणी बघतच नाहीये. वाचता येणारे तिथे चार-पाच जण असतील. चार्ट गुंडाळला आणि तोंडी सांगायला लागले. दाखला काढून ओढ्यापलीकडच्या मोठ्या शाळेत मुलं घालता येतील. किंवा आश्रमशाळेत, तिथे राहणं, जेवण, शिक्षण सगळं एका जागी. किंवा इथेच ठेवून समितीने सुधारणेची मागणी करायची. हे शेवटचं मी जरा भरभर सांगितलं.

कारण खरं सांगायचं तर मी मनात ठरवूनच गेले होते. मुलांनी मोठ्या शाळेत जावं. इथे चार इयत्तांना एकच गुरुजी, दुसऱ्या शिक्षकाची जागा दीड वर्ष रिकामी. गुरुजी मेहनती होते, पण त्यांचा निम्मा वेळ ऑनलाइन माहिती भरण्यात, मतदारयाद्यांत आणि तालुक्याच्या मीटिंगांत जायचा.

“पोरां तिकडं गेली तर ही शाळा राहील?” मागून एका आजोबांनी विचारलं.

“पट फार कमी झाला तर बंद होऊ शकते.” पट म्हणजे शाळेत नाव असलेली मुलं.

“पावसात ओढा भरतो. पहिलीची पोरां कशी जातील?”

मी मोठ्या शाळेच्या निकालाकडे वळले. तो किती चांगला आहे ते सांगितलं.

“तिथली पोरां वाचतात?” सोनीबाईंनी विचारलं.

“निकालात तसंच आहे.”

“तू बघलं?”

मी पाहिलं नव्हतं. माझ्याकडे तक्ता होता.

“मग आमी बघू,” त्या म्हणाल्या.

“अहो, पण तुम्हाला वाचता येत नाही. तुम्ही कसं बघणार?” माझ्या तोंडून निघून गेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोनीबाई रागावल्या नाहीत. त्यांनी अंगणातल्या चिंचेकडे बोट केलं. मग म्हणाल्या, “एक पोर इथं वाचील. दुसरी पोर तिकडं, चिंचेखाली. गोष्ट तीच. मग दोगींना येगळं इचारू, काय वाचलं. दोगींची गोष्ट एकच निघाली तर वाचलं. येगळी निघाली तर नाय वाचलं.”

माझी तेव्हा सत्तावीस वर्षं नोकरी झाली होती. वाचन कसं तपासावं यावर मी किती ट्रेनिंगं केली आणि किती घेतली, मोजलेली नाहीत. प्रत्येक पद्धतीत तपासणाऱ्याला वाचता येणं गृहीत धरलेलं असायचं. अक्षरओळख नसलेल्या माणसाने वाचन तपासायची रीत मी पहिल्यांदा ऐकली, आणि ती एका चिकू निवडणाऱ्या बाईने माझ्यासमोर बसल्या बसल्या काढली होती.

माझ्या पिशवीत गोष्टींची कार्डं असायची. वर चित्र, खाली दहा-बारा ओळी. मी एकाच गोष्टीची दोन कार्डं दिली. हरवलेली शेळी शाळेत सापडते आणि तोवर तिने हजेरीचं रजिस्टर खाल्लेलं असतं, अशी गोष्ट. सोनीबाईंनी पहिली निवडली ती आपलीच मुलगी. मनीषा पडवीत, तिची मैत्रीण चिंचेखाली.

मनीषा म्हणाली, “बाई शेळीला चरायला नेते.” मैत्रीण म्हणाली, “बाई शेळी बाजारात विकते.”

सोनीबाईंनी कार्ड हातात घेऊन पाहिलं. चित्रात एक बाई आणि एक शेळी होती.

“चित्र झाक,” त्या मला म्हणाल्या, “नि परत दे.”

चित्र झाकल्यावर दोघींना काहीच सांगता आलं नाही. मनीषा रडवेली झाली. सोनीबाईंनी तिला जवळ ओढून मांडीवर घेतलं, चौथीतल्या मुलीला, लहान बाळासारखं. “तुजी चूक नाय,” एवढंच म्हणाल्या. गुरुजी भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी मान खाली घातली. बाहेर टेम्पोने हॉर्न दिला. कोणी उठलं नाही.

फॉर्म कोरेच घेऊन मी परत आले. गटशिक्षणाधिकारी, म्हणजे तालुक्याच्या शिक्षण खात्याचे प्रमुख, माझ्यावर उखडले.

“मॅडम, पालक दुसऱ्या शाळा तपासणार? हे कुठल्या जीआरमध्ये आहे?”

“नाही साहेब. पण बघू नये असंही कुठल्या जीआरमध्ये नाही.”

“उद्या दुसऱ्या पाड्यावरचे येतील.”

“आले तर बरंच की.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “लेखी काही देणार नाही. तुम्ही सोबत जा.”

पाच बाया आणि ते आजोबा, मजुरी बुडवून आले. आधी ओढ्यापलीकडची मोठी शाळा. रंगवलेल्या भिंती, सहा शिक्षक, कॉम्प्युटर. मुख्याध्यापकांनी दोन हुशार मुलं पुढे केली. सोनीबाई म्हणाल्या, “ही नको. ती मागची दोन.” मागच्या दोघांच्या दोन गोष्टी निघाल्या. मग आणखी दोघांना बोलावलं. त्यांची एक निघाली. एकूण पाहता आमच्या पाड्यापेक्षा बरी शाळा, पण माझ्या तक्त्यात होती तेवढी नव्हे. तो तक्ता मी साक्षांकित केला होता.

आश्रमशाळेत मात्र बाया थक्क झाल्या. कोणत्याही दोन मुली उचला, गोष्ट एकच. शेळीने रजिस्टराची किती पानं खाल्ली तेसुद्धा एक. सोनीबाईंनी तिथला स्वयंपाक पाहिला, न्हाणीघरं पाहिली, दाराच्या कड्या आतून लागतात का ते स्वतः लावून पाहिलं. पाणी कुठून येतं ते विचारलं. माझ्या तपासणीच्या फॉर्मात कड्यांचा रकाना नव्हता.

पुढच्या सभेत मला बोलायची गरजच पडली नाही. दोन तास त्यांचं आपसांत चाललं. शेवटी सोनीबाईंनी निर्णय सांगितला. “चौथीच्या पोरांना येळ नाय उरला. ज्यांच्या आयबापाची तयारी हाय ती आश्रमशाळेत जातील. बारकी इथंच राहतील. ती लांब चालायची नायत, नि आईबिगर राहायची नायत. त्यांच्यासाठी ही शाळा नीट करायची.”

वयाप्रमाणे वेगळा पर्याय. आमच्या फॉर्ममध्ये एका कुटुंबाने एकच खूण करायची होती.

सोमवारी सगळे तालुक्याला पंचायत समितीत आले. मागण्या दोनच. रिकामी जागा भरा, आणि शाळेच्या वेळात गुरुजींना कुठे बोलावू नका. साहेबांनी फॉर्म पुढे केला. “यातला कोणता पर्याय?”

“यात नाय,” सोनीबाई म्हणाल्या. “तू लिव, मी सांगते.”

आणि साहेबांनी लिहिलं. पेन माझं होतं. त्यांनी ते परत दिलं नाही, इतके ते गुंतले होते.

दुसऱ्या शिक्षिका यायला चार महिने लागले. त्या काळात पालक दोनदा पुन्हा तालुक्याला येऊन गेले. गुरुजींना सुरुवातीला ते सगळं लागलं होतं. महिनाभर माझ्याशी ते कामापुरतंच बोलले. मग एका शनिवारी त्यांचाच फोन आला. “मॅडम, नवी कार्डं आहेत का? जुन्या गोष्टी बायांना पाठ झाल्या.” दर शनिवारी कामाला जायच्या आधी बाया चिंचेखाली बसत. एका मुलाला इकडे, एकाला तिकडे. शेळी, माकड, विहीर, जत्रा. ऐकताना त्या पोट धरून हसत. मुलं त्यांना आणखी ऐकवायला मिळावं म्हणून पुढची कार्डं मागायची. मी त्या अंगणात उभी राहून ते बघत असे आणि मला दुसरं काही सुचत नसे.

मनीषा आश्रमशाळेत गेली. पहिले पंधरा दिवस रडली, मग रमली. बारकी मुलं पाड्यावर राहिली. शाळा बंद झाली नाही. तीन वर्षांनी, मी निवृत्त झाले त्या साली, तिथल्या चौथीतली सगळी मुलं वाचत होती. चाचणीचा कागद तसं सांगत होता आणि बायाही तसंच सांगत होत्या. मी आधी बायांना विचारलं होतं.

आमच्या अहवालात ‘शाळा मागे पडण्याची कारणे’ असा एक रकाना असे. त्यात ‘अशिक्षित पालक’ हे उत्तर आम्ही सगळे वर्षानुवर्षं लिहीत आलो. लिहायला सोपं, आणि त्यावर वरून कधी कोणी प्रश्न विचारत नाही. त्या वर्षापासून मी ‘शिक्षकाचे पद रिक्त’ एवढंच लिहायला लागले. त्यावर मात्र दर वेळी खुलासा मागवला जाई.