मागच्या सीटवरचे अहो

व्हिएन्ना मागे पडतं आणि ललिताचे डोळे मिटायला लागतात. दुपारच्या दशम्या अंगावर आल्यात. बाहेर पवनचक्क्याच पवनचक्क्या, जणू इथल्या शेतांत दुसरं काही पिकतच नाही. शेजारी गाडी चालवतोय श्रीनिवास, वर्षभरापूर्वी केलेला नवरा. संध्याकाळी बुडापेस्टला पोचलो की नदीकाठी कुठं कुठं फिरायचं, ते सांगतोय. ती हुंकार देते. पुढचा हुंकार देते तेव्हा तो बोलायचा थांबलेला असतो, आणि मागून कुणीतरी घसा खाकरतं.

"फार सावकाश चालवतो हा."

ललिताला वळून बघायची गरज नाही. तिचे पहिले अहो. जाऊन सहा वर्षं झाली, तरी कॉलरमध्ये रुमाल खोचलेला आहे, प्रवासात खोचायचे तसा. दशमी उरली का, विचारतात. ती डबा मागे देते. डबा परत येतो तो होता तेवढाच जड.

मग म्हणतात, ही ट्रिप आपली ठरली होती.

"ठरली होती की. दर दिवाळीत ठरायची," ती म्हणते.

ते हसतात. तिलाही हसू येतं.

"मागे ये, लली. पुढं ऊन लागतंय तुला."

खरंच लागतंय. श्रीनिवासच्या ते लक्षात आलेलं नाही. ह्यांच्या लगेच आलं लक्षात. ललिता पट्टा काढते, दोन सीटच्या मधून मागे सरकायला लागते. सरकताना श्रीनिवासकडे बघते तर त्याचा नुसता कान दिसतोय, चष्म्याची काडी दिसतेय. चेहरा कसा होता ते आठवत नाही. ती आणखी थोडी सरकते, आणि स्टिअरिंगवर नुसत्या शर्टाच्या बाह्या उरतात.

"थांबा," ती म्हणते. कुणाला, ते तिलाच कळत नाही.

गाडी थांबते. हद्द आली. हद्द म्हणजे मिरजेच्या दवाखान्यातला तो लांब बोळ, फिनेलचा वास, आणि आडवा टाकलेला बांबू. स्टुलावरचा माणूस खिडकीत वाकतो.

"मागं कोण? नाव सांगा, मग पुढं."

नाव तिनं कधी घेतलेलंच नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूबाईंनी बजावलं होतं, आणि ललितानं ते हसत हसत पाळलं. याच बोळात पेशंटचं नाव विचारलं, तेव्हाही ती गप्प राहिली, दिरानं सांगितलं. एवढं सांभाळूनही ते वाचले नाहीत, आणि तेच नाव आता तिच्या जिभेवर आहे. शेजारच्या बाह्या पातळ होत चालल्यात.

"पद्माकर," ती म्हणते. "ते वारलेत."



"वाट बघितली गं नाव ऐकायची," ते म्हणतात. "घेतलंस ते मला उतरवायला."

"अहो..."

"आता ते 'अहो' राहू दे. त्याला नावानं हाक मारतेस ना?"

ती मान हलवते.

"बरं करतेस," ते म्हणतात. रागानं की मायेनं, ते कळायच्या आत चपला बोळात वाजायला लागतात. जवळ येताहेत की लांब जाताहेत, तेही समजत नाही.

गाडी रस्त्याच्या कडेला उभी आहे. श्रीनिवासला चेहरा आहे, आणि तो वैतागलेला आहे. काहीतरी टुंइंग टुंइंग वाजतंय, समोर लाल दिवा लागलाय. मागचं दार उघडं आहे म्हणे. व्हिएन्नात मी स्वतः लावलं होतं, इतका वेळ गप्प होती ही गाडी, असं तो दोनदा सांगतो.

त्याच्या आधी ललिता उतरते. मागचं दार अर्धवट टेकलेलं आहे; बोटभर फट.

"पद्माकरना दार कधी नीट लावताच आलं नाही," ती म्हणते.

हे नाव श्रीनिवासनं तिच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही. तो गाडीला वळसा घालून तिच्या बाजूला येऊन उभा राहतो.

ललिताचा हात दारावर आहे. लोटायला जोर लागत नाही. वेळ लागतो.