लोखंडाचं घर आणि फणसाचा उंबरा

खाऱ्या वाऱ्यानं लोखंडावर गंज चढतो, तसे आमच्या घरावर किस्से चढत गेले. खरवडावेत तर खाली आणखी एक थर. त्यातले निम्मे लोकांनी रचलेले, ते मी सांगणार नाही. माझ्यासमोर झालं तेवढंच लिहिते. शाळेत मी गेले नाही, भावाच्या नकाशांवरची अक्षरं गिरवून वाचायला शिकले. तेव्हा मला कुणी शहाणपण शिकवू नये.

*

एकोणीसशे तीस सालानंतरची गोष्ट. माझा थोरला भाऊ अण्णा मुंबईला गर्डरच्या कारखान्यात नकाशे काढायचा. भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी आमचं कुडाचं घर होतं, आणि उधाणाचं पाणी ओसरीला लागायला लागलं होतं. अण्णानं ठरवलं, वरच्या कातळावर आईसाठी नवं घर बांधायचं, आणि त्याचा सगळा सांगाडा लोखंडाचा. खालून वारा जावा म्हणून जमिनीपासून उचललेला, वर चढायला जिना. छप्पर दुहेरी, मधल्यामध्ये ऊन निघून जावं म्हणून. भिंती नुसत्या पडद्यासारख्या.

बंदरात पडावातून गर्डर उतरले आणि बैलगाड्यांवरून निघाले, तेव्हा गावाला वाटलं खाडीवर पूल होतोय. आमची शेजारीण काशीकाकी गाडीपुढं नारळ फोडून आली. खरं कळल्यावर म्हणाली, "पुलात ऱ्हायचं? मग खालनं पाणी पण आणा."

*

पायाच्या मुहूर्ताला गावचे गुरव आले. चारी कोपरे फिरून म्हणाले, "एक कोपरा बिनलोखंडाचा ठेवा. जागेच्या राखणदाराला यायला-जायला वाट पायजे."

अण्णा म्हणाला, "सगळं एकमेकांत जोडलेलं असतं, बुवा. एक कोपरा सोडला तर घर उभंच राहणार नाही."

"मग तो आत असला तर आत, बाहेर असला तर बाहेर. राखणदार काय नि मेलेलं माणूस काय, लोखंड ओलांडीत नाय. बाळंतिणीच्या उशाला विळा काय शोभेला ठेवतात?"

आई शेजारीच बसली होती. ती उठली. "मी या घरात येणार नाय," म्हणाली.

आमचे बाबा शिडाच्या गलबतावर तांडेल. मी परकरात असताना त्यांची फत्तेमारी मंगलोरी कौलं आणायला गेली ती आलीच नाही. ना माणूस, ना फळकूट. आईनं त्यांचे दिवस घालू दिले नाहीत. कपाळभर कुंकू लावायची, आणि दिवेलागणीला जेवायला एक पाट जास्त मांडायची.

अण्णा म्हणाला, "अगं आई, बाबा जिवंत असतील तर लोखंड त्यांना कशाला अडवील?"

आईनं कपाळावरच्या कुंकवाला बोट लावून बघितलं आणि खाली कुडाच्या घराकडे चालायला लागली.

*

अण्णा रजा संपवून मुंबईला गेला की देखरेख माझी. पायाच्या काँक्रीटला नदीची गोडी वाळू लागते, समुद्राची वाळू आतून लोखंड खाते. एका गाडीवानानं किनाऱ्यावरचीच भरून आणली. वर म्हणतो, "देवाशपथ नदीची, ताई." मी चिमूटभर जिभेवर टाकली. म्हटलं, "नदीत मीठ तुझ्या बापानं कालवलं काय रे?"

गाडी परत गेली. त्यानंतर गाडीवान मला लांबून बघितलं की आधी स्वतःच चाखून बघायचे.

*

सांगाडा उभा राहिला. गंज धरू नये म्हणून लोखंडाला पहिला हात शेंदराचा देतात, तेलात कालवून. तो दिला मात्र, येणारे-जाणारे हात जोडायला लागले. खांबांच्या पायाशी नारळ पडायला लागले. देव कुठला ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आठवडाभर आमच्याकडे सोलकढी होती.

फक्त समुद्राकडच्या, जिन्याजवळच्या खांबाशी एकही नारळ नव्हता. काशीकाकीला विचारलं तर म्हणाली, "तिथं कुणीतरी टेकून उभं असतं गो. त्याच्या पायात कशाला ठेवायचा?"

*

दिवसभर ऊन खाऊन लोखंड फुगतं, तिन्हीसांजेला थंड होताना आखडतं आणि वाजतं. टक्. टक्. अण्णानं मला समजावलं, मी गावाला समजावलं. काशीकाकीनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"बरं. मग खालच्या पायरीपासनं वरच्या पायरीपर्यंत ओळीनं कसं आखडतं?"



*

शेवटी उधाणानं कुडाची एक भिंत नेली, तेव्हा आई यायला तयार झाली. अट एकच. जुन्या घराचा फणसाचा उंबरा नव्या दाराला बसवायचा. "ह्यांनी ओलांडलेला हाय. त्याच्यावरनं येतील."

अण्णानं बसवला. लाकूड जुनं, मधे वाकेल म्हणून खालून लोखंडी अँगलचा टेकू दिला. ते त्याला माहीत आणि मला.

राहायला गेलो त्या दिवशी दिवेलागणीला आई पानं वाढत होती. पाट एक जास्त. जिना वाजायला लागला. टक्. टक्.

"आखडतंय," अण्णा म्हणाला.

आवाज वर आला. ओटीवरून दारापर्यंत आला आणि उंबऱ्याशी थांबला.

आई कंदील घेऊन दारात गेली. मला बाहेर कुणी दिसलं नाही. "आत या ना," ती म्हणाली. तो आवाज मी तिच्या तोंडी कधी ऐकला नव्हता, नव्या सुनेचा. थोडी थांबली. पुन्हा म्हणाली, "या ना."

मग मागं न बघता तिनं विचारलं, "उंबऱ्याखाली काय घातलंस रे?"

अण्णाचा घास हातातच राहिला. "लोखंड," तो म्हणाला.

आईनं पदरानं कपाळ पुसलं. सावकाश, सगळं. मग मला म्हणाली, "पाट बाहेर मांड गो. भात गरम हाय तोवर."

मी ओटीवर पाट मांडला, पुढं पान ठेवलं आणि दार ओढून घेतलं. आमची जेवणं झाल्यावर पान उचलायला गेले. भाताला बोट लागलेलं नव्हतं. पाट मधोमध ओला होता.

मी त्यावर बोट टेकवलं आणि जिभेला लावलं.

खारट.