मिस्त्रींनी पास केलेली करवत

मिस्त्रींच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला असायचा, पण मेहुण्याचा विषय निघाला की तो थेट मस्तकात जायचा. आणि गेल्या नऊ वर्षांत हा विषय निघाला नाही असा आठवडा नव्हता.

प्रकरण असं. कारखान्यात लोखंडी गज कापायची विजेवरची करवत होती आणि तिच्यावर मिस्त्रींचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, कामाला होता. पाती सारखी तुटायला लागली. तो जीव तोडून सांगायचा, "दाजी, ती तापली की पातं परत जातानाही घासतं." मिस्त्री दुरुस्ती खात्याचे. सकाळी सकाळी आले, करवत पाच मिनिटं चालवली, डोळे मिटून कान दिला आणि चारचौघांत निकाल देऊन टाकला, "करवत ठणठणीत आहे. खोट हातात आहे." पाच मिनिटांत दुखणं ओळखणारा माणूस म्हणून त्यांचा बोलबाला! त्यांच्यापुढे ब्र कोण काढणार? मेहुण्याची नोकरी गेली. पुढे जिथे गेला तिथे 'पाती तोडणारा' ही ओळख त्याच्या आधी पोचायची. त्याने बहिणीच्या घरी पाऊल टाकणं बंद केलं, आणि भेटेल त्याला सांगत राहिला की करवतच खराब होती.

"मला खोटं ठरवतो? मला?" मिस्त्री ओरडायचे. त्यामुळे त्यांच्या निवृत्तीनंतर कारखान्याने ती करवत भंगारात काढली, तेव्हा त्यांनी ती उचलून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणली. तिला नवी करायची, मेहुण्यासमोर चालवायची आणि त्याचं तोंड कायमचं बंद करायचं!

दोन महिने शेडमधून घासण्या-ठोकण्याचे आणि शिव्यांचे आवाज येत होते. रॉकेलने गंज धुतला, मोटर नव्याने भरून आणली, झिजलेले बुश बदलले, पट्टा नवा टाकला. पात्याची चौकट उचलणारा तेलाचा पंप मात्र त्यांनी वरवर पुसला आणि तेल बदललं, कारण पातं घासत नाही असा निकाल त्यांनीच दिलेला होता. तेल घालायच्या वाटीत तेलाऐवजी वाळलेलं ग्रीस निघालं तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं, "कुठल्या गाढवाने भरलंय हे?"

"तिथली मशिनं बघायचं काम कोणाकडे होतं?" बायकोने दारातून विचारलं. मिस्त्रींनी ऐकू न आल्यासारखं केलं.

एके सकाळी करवत सुरू झाली. मनगटाएवढा गज लोण्यासारखा कापला, कड आरशासारखी. मिस्त्रींची छाती फुगली. "बघ! बोलव तुझ्या भावाला!"

"पाच मिनिटं तर तेव्हाही चालली होती," बायको म्हणाली. "तो दिवसभर चालवायचा. तुम्ही निदान जेवणापर्यंत तरी चालवा."

"आता तू मला शिकवणार?" असं फणकारून त्यांनी जाडजूड गज लावला, आणि हट्टाने एकामागून एक कापत राहिले. दीड तासाने आवाज बदलला. परत जाताना करवतीची चौकट केसभर वर उचलली जायला हवी, ती उचललीच जात नव्हती. पातं दोन्ही वेळा लोखंडावर घासत होतं. मिस्त्री बटणाकडे धावेपर्यंत पात्याचे कट्टकन तुकडे झाले.

त्यांनी चौकट उचलणारा तेलाचा पंप उघडला. आतली चामड्याची चकती कडेने झिजलेली. तेल गार आणि घट्ट असेपर्यंत काम चालायचं. तापून पातळ झालं की तेल कडेने निसटायचं आणि चौकट खालीच राहायची. सकाळच्या पाच मिनिटांत हे दिसणं शक्यच नव्हतं. पंप उघडून बघायला मात्र तेव्हाही दहा मिनिटं पुरली असती.

 आवाज ऐकून आलेल्या बायकोने चकती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, आणि नऊ वर्षं गिळलेलं सगळं बाहेर पडलं.

"माझा भाऊ अगदी हेच सांगत होता! तुम्हाला उघडून बघण्यात कमीपणा वाटला! त्याच्या मुलीच्या लग्नात मी मांडवात परक्यासारखी मागे उभी होते, तुमच्यामुळे! आणि तुम्ही दोन महिने इथे घाम गाळलात तो कशाला? त्याला आणखी एकदा खाली बघायला लावायला!"

 मिस्त्रींनी तेलकट हातानेच मेहुण्याला फोन लावला. पलीकडून 'हॅलो' आल्यावर घसा खाकरत म्हणाले, "मी बोलतोय. करवत... तापल्यावर घासत होती. तू म्हणत होतास तशीच. चूक माझी होती."

 मेहुण्याचा आवाज रागाने कापत होता.

"दाजी, मला खोटं पाडलंत ते चारचौघांत. आणि खरं करताय ते फोनवर, कोणी ऐकत नसताना?"

फोन बंद झाला.  मिस्त्रींनी हात धुतले, सदरा बदलला आणि बायकोला विचारलं, "तेव्हाचे कामावरचे कोण कोण अजून गावात आहेत?"

"सगळे आहेत," बायको म्हणाली. "चला, एकेकाच्या दारात जाऊ. मी येते बरोबर."