अठराच्या अठरा जणांनी लिंक दाबली, तिथेच मला शंका आली

मंडळी, माझा संशय चुकतोय का, तुम्हीच सांगा.

धानाच्या देशी वाणांवर मी दर आठवड्याला ईमेलने पत्र पाठवते. पूर्वी नाव आलं की थेट यादीत घ्यायची. खोटे पत्ते वाढले तेव्हा डबल ऑप्ट-इन लावलं. आता आधी एक मेल जातो आणि त्यातली लिंक दाबेल तोच यादीत.

मोहाडीच्या बाजारात अठरा जणांनी माझ्या वहीत नाव-ईमेल लिहून दिले होते. आज सकाळी त्यांना मेल गेला. अर्ध्या तासात सगळ्यांचा होकार! आमच्याकडे ग्रामसभेलाही कोणी इतकं वेळेवर येत नाही.

मी त्यातल्या एका मावशींना फोन लावला.

"ईमेल? तो तं ऑनलाइन सेंटरवाल्या भाऊनं सरकारी फारम भरताना बनवून देल्ला, बाई. पासवर्ड त्याच्याच जवळ हाये. कोणाचा फारम अडकू नये म्हणून तोच सगळ्यायच्या लिंका दाबून टाकते. मले कायले पाह्यजे?"

मी हसले. मग आठवलं, माझ्या बाबांचा ईमेलही त्याच भाऊने काढून दिलाय.

कोणत्या ईमेलवर पत्र कधी उघडलं, ते मला दिसतं. माझं प्रत्येक पत्र सगळ्यात आधी बाबा उघडतात, असं मी कौतुकाने सांगत असते. आज घरी जाऊन त्यांना विचारायची हिंमत होत नाहीये. तुम्ही विचारलं असतं?