न मोडणारी गाडी

फिटरची आठवण लोकांना कधी येते? माग बंद पडल्यावर. चालत्या मागाजवळ जाऊन उभं राहिलं तर विणकर विचारतात, "काय काम हाय?" सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात माझी बावीस वर्षं अशी गेली. खटखटाटात हाक ऐकू येत नाही, म्हणून ज्याचा माग थांबतो तो नुसता हात वर करतो. हात दिसला की मी पाना घेऊन निघतो. त्यातनं एक वाईट खोड लागली. ज्याला माझ्याकडनं काही दुरुस्त करून नको, त्याच्याशी काय बोलायचं हे मला कळत नाही.

बायकोशी जमलं नाही त्याचं एक कारण हेच असावं. दुसरं कारण माझं डोकं. सटकलं की सटकलं. ती पुण्याला गेली, नोकरी धरली, रीतसर कागद झाले. मुलगी तिच्याकडं. माझ्या वाट्याला मे महिन्यातले आठ दिवस आणि रविवारी दुपारचा फोन.

पोरगी नऊ वर्षांची असताना आली, तेव्हा तिला रिमोटची गाडी पाहिजे होती. दुसरं काही नको, गाडीच. नव्या पेठेतनं आणली. मोठी, लाल, चाकं नुसती धिप्पाड. अर्ध्या तासात बंद. आत मोटर घूं घूं करतेय आणि गाडी जागची हलत नाही. उघडून बघतो तर आतला गियर प्लास्टिकचा, दाते साफ गुळगुळीत. माझं टाळकं फिरलं. तशीच पोरगी बखोटीला धरली, दुकान गाठलं आणि दुकानदाराला असा धुतला की रस्त्यावरची माणसं थांबली. "लेकरांना फसवता व्हय? लाज वाटत न्हाय?" तो बिचारा बदलून द्यायला तयार होता. पण मला बदलून नको होती, मला भांडायचं होतं. पोरीसाठी भांडतोय याचा अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू.

घरी येताना ती माझ्यामागं चार पावलं ठेवून चालली. तिसऱ्या दिवशी पोटात दुखतंय म्हणाली, फोन करून आईला बोलावलं आणि पाच दिवस शिल्लक असताना तिच्याबरोबर निघून गेली. तिच्यासाठी आणलेला आइस्क्रीमचा डबा फ्रीजमध्ये तसाच होता. तो मी चार दिवस रोज थोडा थोडा खाल्ला, ओट्याजवळ उभ्यानंच.

मग मी विचार केला, आणि तो फिटरच्या डोक्यानं केला. चूक कुणाची? गाडीची. गाडी चालली असती तर पोरगी राहिली असती. कानाला खडा लावला. पुढच्या मेमध्ये न मोडणारी गाडी आणायची म्हणजे आणायची.

वर्षभर मी त्याच नादात. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे मोबाईलवर क्रिकेट बघायचे आणि मी गाड्या दगडावर आपटताना बघायचो. पोरं चेष्टा करायची, "काका, लायसन काढलं का?" पण मला त्यातनं बरंच कळलं. खेळण्यातली गाडी वेगळी आणि हौशी लोकांची बग्गी वेगळी. पहिलीचं पोट चिकटवलेलं असतं, मोडली की कचऱ्यात. दुसरीचा प्रत्येक स्क्रू निघतो, प्रत्येक भाग सुटा मिळतो. हे म्हणजे आमच्या मागासारखंच की! नुसत्या जाडजूड दिसण्यावर जायचं नाही, आधी उघडून बघायचं.

सोलापुरात तशी मिळेना. पुण्यातल्या एका दुकानाचा नंबर मिळाला. फोनवर एक बाई होत्या, इतक्या शांत की माझ्यासारख्यालाही पुरून उरल्या.

"गियर लोखंडी हायत का?"

"आहेत."

"पेटीबंद की उघडे? आमच्याकडं काळ्या मातीची धूळ लई बारीक."

"पेटीबंद आहेत, काका."

"चाकात बेअरिंग हाय की नुसतं बुश?"

"बेअरिंग आहे. मोटर बिनब्रशची आहे, त्यामुळं तीही झिजणार नाही. मुलीसाठी घेताय ना? मग सुरुवातीला वेग कमी ठेवायची सोय आहे."

सगळं पसंत पडलं. एकच गोष्ट खटकत होती. चाकाला गाडीशी धरून ठेवणारी जी पट्टी असते, तिला आर्म म्हणतात, ती नायलॉनची होती. "ही तेवढी लोखंडी बसवून द्या," मी म्हटलं.

त्या हसल्या. "लोखंडी वाकली की वाकलीच, काका. शिवाय सगळा मार आतल्या सांगाड्याला बसतो. ही दबते आणि परत जागेवर येते. फारच जोरात आपटली तर ही मोडते, बाकी गाडी वाचते. दहा मिनिटांत नवी बसवता येते."

मागावर धोट्याला टोला देणारा भाग पूर्वी चामड्याचाच का असायचा, मार त्यानं खावा आणि धोटा वाचावा म्हणून, हे मी नव्या कामगारांना वर्षानुवर्षं सांगत आलोय. आणि आता तेच मला दुसऱ्याकडनं ऐकावं लागलं. आता बोला!

पण तेवढ्यात माझ्या मनात एक डाव शिजला. गाडीचं पोट कधी फुटू नये, गियर जाऊ नयेत, मोटर जळू नये. पण आर्म मात्र अधूनमधून मोडावी. म्हणजे पोरगी फोन करेल. "पप्पा, मोडली." मग मी व्हिडिओवर सांगणार, हा स्क्रू काढ, ती पट्टी अशी धर, घाई करू नकोस. रविवारची वाट बघायला नको, मधल्या वारीही बोलणं होईल. मी गाडी घेतली आणि चार जादा आर्म मागवल्या.

मे महिन्यात ती आली. बॅग खाली ठेवायच्या आत मी खोका पुढं केला. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आधी तिला हिप्परग्याच्या तलावावर नेली. पाणी मागं सरलेलं, काळा गाळ वाळून भेगाळलेला, मैलभर माणूस नाही. पहिल्याच उडीला गाडी तीनदा कोलांटली आणि चाकांवर उभी राहून परत पळाली. पोरगी किंचाळली, "पप्पा, बघा की!" आणि हसत सुटली. तिचा आवाज एवढा मोठा निघतो हे मला माहीतच नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

रोज सकाळी आम्ही तिथं जायचो. गाडी उलटली की ती आधी माझ्याकडं बघायची, मग गाडीकडं पळायची. मला वाटायचं, कौतुकासाठी बघते. मी ओरडून सांगायचो, "काय होत न्हाय तिला! पप्पानं वर्षभर शोधून घेतलीय. ही मोडायची गाडीच न्हाय!" शेजारी, किराणावाला, रिक्षावाला, सगळ्यांसमोर मी हेच ऐकवलं. ती आठही दिवस राहिली. जाताना मी तिच्या बॅगेत सुट्या आर्म, स्क्रू आणि छोटा स्क्रूड्रायव्हर एका डब्यात घालून दिला. "काही झालं तर आधी मला फोन करायचा. लगेच. कळलं?"

"हो, पप्पा."

मग रविवार सुरू झाले.

"गाडी कशी हाय?"

"एकदम ओके, पप्पा."

पहिला महिना मी मिशीला पीळ देत कारखान्यात हिंडलो. बघा, निवड कशी हाय! श्रावण गेला, गणपती गेले. गाडी ओकेच. मी खोदून खोदून विचारायला लागलो.

"उडवतेस ना?"

"हो."

"दगडावरनं?"

"हो हो."

"आपटत न्हाय का?"

"आपटते की. काही होत नाही."

मग शाळा कशी हाय, बरी हाय, जेवलीस का, जेवले. तीन मिनिटांत फोन संपायचा. मग मी भाकरीचा तुकडा मोडून ताटासमोर बसून राहायचो, आणि पुढं अख्खा आठवडा पडलेला असायचा. आमच्यात गाडीशिवाय विषय नव्हता, आणि गाडी ठणठणीत होती. जन्मभर बंद पडलेलं चालू करणारा माणूस मी, आणि मनात म्हणायचो, मोड की गं बाई एकदा. स्वतःचीच लाज वाटायची. पण वाटायचं ते खरं वाटायचं.

दिवाळीनंतर तिच्या आईचा फोन आला. शाळेच्या कुठल्याशा कागदावर माझी सही पाहिजे होती. ती आता मला "अहो" म्हणत नाही, "ऐका" म्हणते. कामाचं बोलून झाल्यावर मीच म्हटलं, "गाडी चांगली टिकली म्हणायची."

"कुठली टिकली? जूनमध्येच मोडली. पार्किंगच्या खांबावर आपटली, पुढची पट्टी गेली."

"मग? चार दिल्या होत्या की!"

"तिनंच बसवायचा प्रयत्न केला. स्क्रूची खाच घालवली. मी कुणाला तरी दाखवू म्हटलं तर नको म्हणाली. टॉवेलात गुंडाळून पलंगाखाली ठेवलीय. मला शपथ घातलीय तिनं."

"कसली शपथ?"

"तुम्हाला सांगायचं नाही. म्हणते, पप्पा दुकानात जाऊन भांडतील, आणि सगळे बघत राहतील."

"अगं पण मी तिला बजावून सांगितलं होतं, आधी मला..."

"हेच," ती म्हणाली. "हा आवाज."

मी फोन ठेवला. पाच महिने. रविवारमागून रविवार दहा वर्षांचं लेकरू माझ्याशी हसऱ्या आवाजात खोटं बोलत होतं, कशासाठी, तर बाप चिडू नये म्हणून. आणि मला ते आनंदाचं बोलणं वाटत होतं. मागाच्या आवाजात जरा फरक पडला तर मी तीन रांगा पलीकडनं ओळखतो. पोरीचा आवाज मला ओळखता आला नाही. मी रडलो. चांगला हुंदके देऊन रडलो, ऐकायला कुणी नव्हतंच.

रविवारी फोन लावायच्या आधी पाणी प्यालो, घसा साफ केला आणि काय बोलायचं ते भिंतीकडं बघून म्हणून पाहिलं. "मोडली असली तरी काही हरकत नाही." पहिल्यांदा ते दरडावल्यासारखंच आलं. दुसऱ्यांदाही. पाचव्या-सहाव्या वेळी जरा माणसासारखं जमलं, तेव्हा नंबर दाबला.

"गाडी कशी हाय?"

"एकदम ओके, पप्पा."

"मोडली असली तरी काही हरकत नाही हं, बाळा. ती पट्टी मोडायसाठीच असते. मी रागावणार न्हाय. कुणावरच न्हाय."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं, आता सांगेल.

"नाही मोडली, पप्पा," ती घाईघाईनं म्हणाली, लहान पोराची समजूत घालावी तशी. "तुम्ही लई चांगली घेतलीय. तुम्ही दुकानात जाऊ नका."