काकडीची मर आणि अर्बाबची टाकी

दाऊदभाईंनी काकडीचं रोप दोन बोटांत धरलं आणि अलगद वर ओढलं. जोर न लावता ते हातात आलं. मुळं जवळजवळ नव्हतीच. जी होती ती तपकिरी, चहात बुडवून ठेवलेल्या दोऱ्यासारखी. जमिनीलगतचा देठ बारीक होऊन पिचला होता.

“काल संध्याकाळी हे उभं होतं, साहेब,” ते म्हणाले. “तुमचे जंतू आत करतात काय मग?”

हा प्रश्न तेव्हा मला सगळेच विचारत होते. दाऊदभाई शेतावर विचारायचे, आमचे मॅनेजर फोनवर विचारायचे आणि घरी बायको विचारायची, कारण मी जेवताना बोलेनासा झालो होतो.

मी झाडांचा डॉक्टर. माझे पेशंट कुठे दुखतं ते सांगत नाहीत आणि त्यांचे नातेवाईक नको तितकं सांगतात, एवढाच काय तो फरक. इथे आखातात, रुसैलच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमच्या कंपनीचं गोडाऊन आहे. बियाणं, खतं, ठिबकचं सामान आम्ही विकतो. ग्राहकाचं पीक आजारी पडलं की मला पाठवतात. पीक बरं झालं तर माल चांगला असतो, नाही झालं तर सावंत नालायक असतो.

हे शेत सोहारच्या अलीकडे, किनाऱ्यालगत. मालक सालेम अर्बाब. अर्बाब म्हणजे मालक, आणि इथे हा शब्द आदरानेच घेतात. सरकारी नोकरीतून रिटायर झालेला, सत्तरीकडे झुकलेला, कमी बोलणारा माणूस. खजुराची झाडं, थोडा चारा आणि काकडीची काही ग्रीनहाऊस. हे सगळं सांभाळायचे दाऊदभाई. ते मूळचे गुहागरकडचे. या शेतावर त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं.

रोपाची मुळं कुजून ते रातोरात मान टाकतं, याला आपल्याकडे मर म्हणतात. मातीतल्या बुरशीमुळे ती होते. ग्रीनहाऊसमध्ये वर्षानुवर्षं तेच पीक घेतलं की बुरशीची चंगळ होते. आत ऊब आहे, ओलावा आहे आणि आवडतं जेवण दर हंगामाला आयतं येतंय. बुरशीनाशक पहिल्या वर्षी गुण देतं, दुसऱ्या वर्षी डोस वाढवावा लागतो आणि मग बुरशी त्याला जुमानत नाही. दाऊदभाईंचं तेच झालं होतं. लागोपाठ दोन हंगाम पाण्यात गेले होते.

म्हणून मी जंतू सुचवले. स्युडोमोनास हे त्यांचं नाव, पण दाऊदभाई पहिल्यापासून जंतूच म्हणत. नोकरीच्या सुरुवातीला कोकणात मी हेच जंतू भाताच्या करप्यावर वापरले होते. करपाही बुरशीच. भाताच्या पानावर होडीच्या आकाराचे डाग पडतात आणि लोंबी भरायच्या आत तिची मान काळी पडते. आम्ही पेरणीआधी बियाण्याला हे जंतू चोळायचो. लावणीआधी रोपांची मुळं त्यांच्या पाण्यात बुडवून घ्यायचो. एस.टी.त शिरायच्या आधी खिडकीतून सीटवर रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं हे जंतू मुळांवर जागा धरून बसतात. मागून बुरशी आली की तिला बसायला जागा नाही आणि खायलाही काही उरत नाही. शिवाय हे स्वतःहून तिला मारक असा रसही सोडतात.

एकच अट असते. ते जिवंत हवेत. पावडरच्या पुड्यातून येत असले तरी ते औषध नाही, पाळीव जनावर आहे. उन्हात ठेवलं तर मरतं. म्हणून मी रुसैलच्या कोल्ड रूममधून पुडे बर्फाच्या पेटीत घालून आणायचो आणि दाऊदभाई ते स्वतःच्या फ्रीजमध्ये ठेवायचे.

नर्सरीतली रोपं सुंदर आली. त्यांची मुळं बादलीतल्या जंतूंच्या पाण्यात बुडवून ग्रीनहाऊसमध्ये लावली, तीही छान धरली. त्यानंतर दर आठवड्याला ठिबकच्या पाण्यातून जंतूंचा एक हप्ता द्यायचा होता, कारण मुळं वाढतात आणि नव्या मुळांवर पहारा लागतो. दाऊदभाईंनी त्यासाठी गुरुवारची संध्याकाळ धरली. आठवड्याची कामं आटपली की शांतपणे करायचं, असा त्यांचा हिशोब. मी हो म्हटलं. आणि हप्ते सुरू झाल्यावर रोपं मरायला लागली.

“सावंत, माल मर गया होगा,” आमचे मॅनेजर थॉमस सर फोनवर म्हणाले. ते केरळचे, हिंदी स्वतःची बोलतात. “केमिकल दे दो. खलास.”

मी दाऊदभाईंच्या फ्रीजमधला पुडा उचलून आणला आणि लॅबमध्ये तपासला. काचेच्या बशीत खाद्य घालून त्यावर चिमूटभर पावडर पसरायची. जिवंत असेल तर ठिपके उगवतात. बशी गच्च भरली. म्हणजे माल ठणठणीत होता. मग मी माती तपासली, खताचं प्रमाण तपासलं, ठिबकचा दाब तपासला. विहिरीचं पाणी तपासलं, तेही चांगलं निघालं. शेवटी मेलेल्या रोपाच्या मुळांची बशी लावली. बुरशी भरपूर होती आणि आपले जंतू औषधालाही नव्हते. फ्रीजमध्ये जिवंत असलेले जंतू मुळापर्यंत पोचतच नव्हते. वाटेत त्यांना कोण खात होतं ते मला कळेना.

तेवढ्यात अर्बाबचा निरोप आला. शुक्रवारी जेवायला ये, मुहंदिस. मुहंदिस म्हणजे इंजिनियर. इथे शेतकी शिकलेल्यालाही तेच म्हणतात आणि मीही कधी दुरुस्त केलं नाही. निरोपाचा अर्थ दाऊदभाईंनी फोनवर सांगितला. अर्बाबला त्या दिवशी ठरवायचं होतं. पीक वाचणार नसेल तर ग्रीनहाऊस उतरवून विकायची आणि फक्त खजूर ठेवायचा. खजुराला चार माणसं लागत नाहीत.

“माझा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतो, साहेब,” ते म्हणाले. “या वयात दुसरा कोण घेईल मला? पोरीचं नर्सिंगचं अजून एक वर्ष बाकी आहे.”

त्यांनी हे रडगाणं म्हणून सांगितलं नाही. पावसाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं. मला ते जास्त लागलं.

तोवर मी त्या शेतावर शुक्रवारी कधी गेलो नव्हतो. शुक्रवार हा इथला सुट्टीचा वार, माझाही. गेटमधून गाडी आत घेतली तर शेत ओळखू येईना. एरवी तिथे पंपाच्या घरघरीशिवाय आवाज नसतो. त्या दिवशी झाडांखाली गाड्या उभ्या होत्या, सतरंज्या अंथरलेल्या होत्या आणि शेतातल्या सिमेंटच्या टाकीत अर्बाबची नातवंडं डुंबत होती. इथे जुन्या शेतावर अशी टाकी असतेच. विहिरीचं पाणी आधी तिच्यात पडतं आणि तिथून शेताला जातं. टाकीच्या कडेला खुर्ची टाकून अर्बाब बसले होते. या माणसाला हसताना मी प्रथमच पाहत होतो.

मी सलाम करायला पुढे झालो आणि एका नातवाने काठावरून उडी घेतली. माझा चष्मा, शर्ट, सगळं भिजलं. पोरं खिदळली. मी डोळे पुसले तर ते चुरचुरायला लागले. शर्टाला तरणतलावाचा वास येत होता.

मी टाकीत डोकावून बघितलं. पाणी निळंशार, तळाचं सिमेंट दिसत होतं. उघड्या टाकीत, इथल्या उन्हात, पाण्यावर शेवाळ नाही हे कसं? माझ्या गाडीत पाणी तपासायची छोटी पेटी असते. बाटलीत टाकीचं पाणी घेतलं, थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. ते असं पिवळं झालं की बाटली बघायला मला चष्मा लागला नाही.

दाऊदभाई भाताच्या पातेल्याशी होते. मी त्यांना पंपाच्या खोलीमागे नेलं आणि बाटली दाखवली. त्यांना लगेच कळलं.

हकीकत अशी होती. गेल्या उन्हाळ्यात टाकीत शेवाळ धरलं आणि अर्बाबच्या धाकट्या नातीचा कान दुखला. तिची आई म्हणाली, आता मुलांना पाठवणार नाही. अर्बाबने दाऊदभाईंना एवढंच सांगितलं, पाणी साफ ठेव. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी ते टाकीत स्विमिंग पूलची पावडर टाकत होते. शुक्रवारी पोरं येण्याआधी पाणी निवळावं म्हणून. आणि त्याच गुरुवारी संध्याकाळी, त्याच टाकीच्या पाण्यातून, ठिबकवाटे माझे जंतू सोडत होते.

क्लोरीनचं काम जंतू मारणं. त्याला वाईट जंतू, चांगले जंतू हा भेद कळत नाही. तेवढ्याने काकडीच्या झाडाला काही होत नाही, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. बुरशी मातीत, मुळांच्या आत दडलेली, तिच्यापर्यंत ते पोचत नाही. पाण्यातून येणारे आमचे पहारेकरी मात्र पाईपमध्येच गारद होत होते. नर्सरीची बादली थेट विहिरीच्या नळावर भरलेली, म्हणून ती रोपं तगली. मी पाणी तपासलं होतं तेही विहिरीवरच.

मला हसू येत होतं आणि दाऊदभाईंच्या चेहऱ्याकडे बघून हसवत नव्हतं.

“अर्बाबला नका सांगू, साहेब,” ते म्हणाले. “पावडर मी टाकली. पीक मी मारलं असंच होईल ना ते?”

मी म्हटलं, नाही सांगितलं तर आज ग्रीनहाऊस जाणार, आणि त्यांच्याबरोबर तुम्हीही. सांगितलं तर निदान ग्रीनहाऊस राहतील. ते पातेल्याकडे परत गेले.

जेवायला आम्ही मोठ्या ताटाभोवती बसलो. अर्बाबने भाताचा घास घेतला आणि मला विचारलं, ठेवू की काढू? मी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. दोष कुणाचा नाही, पाण्याच्या व्यवस्थेत सुधारणा हवी, वगैरे. कंपनीत इतकी वर्षं काढल्यावर असली वाक्यं आपोआप तयार होतात. मी सुरुवात केली तोच दाऊदभाई मध्ये बोलले.

“अर्बाब, टंकी में पावडर मैं डालता है. बच्चों के वास्ते. उससे खियार मरता है.”

खियार म्हणजे काकडी. बाहेर पोरांचा दंगा चालूच होता. मी घाईघाईने पुस्ती जोडली की टाकीत पावडर टाकणं बंद केलं तर पीक अजून वाचेल. शेवाळ धरेल, पण पीक वाचेल.

अर्बाबने हात थांबवला.

“मुहंदिस, पावडर बंद, तो बच्चा लोग बंद,” ते म्हणाले. “ये बच्चे टंकी के लिए आते हैं. खियार के लिए कोई नहीं आता. मेरे लिए भी नहीं आता.”

त्यात तक्रार नव्हती. माझाही मुलगा पुण्यात असतो आणि महिन्यातून एकदा फोन करतो.

मग अर्बाब दाऊदभाईंकडे वळले. टाकीला हात लावायचा नाही, पावडर चालू ठेवायची, असं त्यांनी सांगितलं. काकडीला पाणी दुसरीकडून द्या, कसं ते मुहंदिस सांगेल. आणि ताटात दाऊदभाईंच्या बाजूला त्यांनी स्वतःच्या हाताने मटणाचा तुकडा सरकवला. रागावलेला अर्बाब असं करत नाही, हे मला इथे राहून कळतं. दाऊदभाईंनी मान खाली घालून तो खाल्ला. त्यांचे डोळे भरून आले होते.

पुढचं काम साधं होतं. विहिरीजवळ पत्र्याच्या सावलीत प्लास्टिकची वेगळी टाकी बसवली. सावलीत अशासाठी की उन्हात पाणी इतकं तापतं की क्लोरीनची गरजच पडू नये. तिच्यातून ग्रीनहाऊसला थेट पाईप नेला, आतलं ठिबक धुवून घेतलं आणि जंतूंचे हप्ते पुन्हा सुरू केले. ज्या रोपांच्या मुळांत बुरशी शिरली होती ती गेलीच. जंतू पहारा देतात, मेलेल्याला उठवत नाहीत. त्या जागी नवीन रोपं लावली, ती उभी राहिली. हंगाम अगदी भरघोस झाला असं नाही, पण तोडणी सुरू झाली आणि ग्रीनहाऊस विकायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. दाऊदभाईंचा व्हिसा वाढला. थॉमस सरांना मी सगळी हकीकत सविस्तर सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि विचारलं, “मतलब प्रॉडक्ट ओके?”

आता नवीन शेतावर गेलो की मी मातीचा आणि पाण्याचा रिपोर्ट मागतोच. पण त्याआधी विचारतो, शुक्रवारी इथे कोण येतं? लोक चक्रावून बघतात. मग आपल्या मुलानातवंडांविषयी बोलायला लागतात, आणि मी ऐकत बसतो. पाण्याचं कळायला थोडा उशीर होतो, पण कळतं.