संकष्टीचे साबुदाण्याचे गोळे

थायलंडला सायकलवर जायची कल्पना नवऱ्याची. आयव्हीएफची आणखी एक खेप फुकट गेली होती. कॅनबेरातल्या आमच्या गुंगालिनच्या घरात आम्ही हीटर लावून एकमेकांकडे न बघता बसायचो. क्लिनिकच्या फ्रीजरमध्ये आमचा शेवटचा गोठवलेला एम्ब्रियो शिल्लक होता. तो वापरून बघायचा की थांबायचं, हे ठरवायचं होतं आणि दोघांपैकी कुणीच विषय काढत नव्हतं. "शरीर दमलं की डोकं शांत होतं," तो म्हणाला. माझं शरीर आधीच दमलेलं होतं. पण नाही म्हणायलाही त्राण लागतं, म्हणून गेले.

सायकलवरून देश बघणं म्हणजे मुख्यतः नवऱ्याची घामेजलेली पाठ बघणं. रस्त्याच्या कडेला चिंचा, शेवगा, विलायती चिंचा, आणि कुंपणाकुंपणावर तोंडलीचे वेल. तिथले लोक तोंडलीचा पाला खातात आणि तोंडली वेलावरच पिकून लाल होऊ देतात. मी सिडनीच्या हॅरिस पार्कहून फ्रोझन तोंडली पिशव्या भरभरून कॅनबेराला आणणारी बाई, माझा किती जीव जळला असेल. परमुलखात ओळखीची झाडं भेटली की बरं वाटतं म्हणे. मला आणखीच थकल्यासारखं झालं.

कुणी जाणार असेल तर सांगते. उजाडताच निघा आणि ऊन चढायच्या आत सावली गाठा. कुत्री मागे लागली तर उतरा, सायकल मधे धरा आणि सावकाश चालत राहा. पाणी संपलं तर देवळात मागा, नाही म्हणत नाहीत. आणि उपास असेल त्या दिवशी सायकलला हात लावू नका.

मी लावला. मूल व्हावं म्हणून माझ्या आईने सांगितलेली संकष्टी मी कित्येक वर्षं धरत होते. परदेशात आलं म्हणून चतुर्थी थोडीच चुकते? सकाळपासून पोटात शहाळ्याचं पाणी आणि केळी, बाकी काही नाही. एका गावच्या बाजारात पोचलो तेव्हा सायकल भिंतीला टेकवून मी उपासाचं काही मिळतंय का शोधायला लागले. तिथे एक बाई केळीच्या पानावर वाफवलेले साबुदाण्याचे गोळे विकत होती. आतलं दाण्याचं कूट बाहेरून दिसत होतं. मला देवच पावला असं वाटलं. मी शेंगदाण्यांकडे बोट दाखवलं, तिने हसून मान डोलावली. वर तळलेला लसूण होता. तो उपासाला चालत नाही म्हणून मी मन लावून कण न् कण निवडून बाजूला काढला आणि गोळा तोंडात टाकला.

आत डुकराचा खिमा होता.

नवऱ्याने एव्हाना स्वतःचा गोळा चावला होता. "अगं, थुंक. हा पोर्क आहे. टिश्यू देऊ?"

मी गिळला. मग दुसरा घेतला. गोडसर, खारट, फार चांगला होता.

"आज संकष्टी आहे ना तुझी?"

"आता नाहीये," मी म्हणाले. "उपास नको आणि इंजेक्शन्सही नकोत. मला परत ट्राय नाही करायचं."

तो प्लास्टिकच्या स्टुलावर बसला. "मला तर मागच्या वर्षीच थांबायचं होतं," तो हळूच म्हणाला. "तुला हवंय असं वाटलं, म्हणून बोललो नाही."

मला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी संताप आला. त्या वर्षभरातली एकेक सुई माझ्या पोटात गेली होती आणि हा समंजसपणे तोंड मिटून उभा होता. उरलेला दिवस मी त्याच्याशी एक अक्षर बोलले नाही. सायकलवर बोलावं लागत नाही, तेवढा एक फायदा.

परत आल्यावर, तो एम्ब्रियो आता ठेवायचा नाही हे कळवायला क्लिनिकला फोन त्याने केला. मी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होते. "नो, वी आर शुअर. थँक यू," तो म्हणाला, अपॉइंटमेंट बदलावी इतक्या साध्या आवाजात. फोन ठेवला आणि ज्याला वर्षभर आधीच थांबायचं होतं तो माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला.

राग माझा गेला नव्हता. तरी मी घड्या बाजूला सारल्या आणि त्याच्याजवळ जाऊन बसले. फ्रीजरमधल्या त्या जिवासाठी रडणारं आम्हा दोघांशिवाय जगात कुणीच नव्हतं.